पद, प्रतिष्ठा आणि कौल : प्राचीन चीनमधील ‘यीजिंग’ व राजसेवेचा प्रश्न

प्रस्तावना

मानवी इतिहासात भविष्य जाणून घेण्याची इच्छा सर्वच संस्कृतींत आढळते. पाऊस, युद्ध, विवाह, आजार याबरोबरच ‘मला पद मिळेल काय, आणि मिळाले तर ते टिकेल काय’ हा प्रश्नही माणसाने दैवापुढे वारंवार मांडला आहे. चीनच्या इतिहासात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. तेथे सुशिक्षित पुरुषासमोर राजसेवा हाच प्रतिष्ठेचा प्रमुख मार्ग होता. या मार्गावर पाऊल टाकावे की नाही हे ठरविताना ज्या ग्रंथाचा कौल घेतला जाई, तो ग्रंथ म्हणजे ‘यीजिंग’ होय. पाश्चात्त्य जगात तो ‘आय चिंग’ या उच्चाराने परिचित आहे. त्याचा मूळ गाभा ‘झोउयी’ या नावाने ओळखला जातो आणि तो सामान्यतः पश्चिम झोउ काळातील मानला जातो.

या ग्रंथाचा विचार बहुधा तत्त्वज्ञानाच्या अंगाने केला जातो. तथापि ज्या माणसांनी प्रत्यक्ष काड्या मोजून त्याला प्रश्न विचारले, त्यांचे प्रश्न कोणते होते, याकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते. प्रस्तुत लेखात राजसेवेविषयीच्या प्रश्नांची काही उदाहरणे तपासली आहेत. ‘पद केव्हा मिळेल’ हा मूळ प्रश्न विचारवंतांच्या परंपरेत ‘पद स्वीकारणे योग्य आहे काय’ असा कसा बदलत गेला, आणि या बदलाची किंमत कोणी मोजली, हे पाहणे हा लेखाचा उद्देश आहे.

कौल घेण्याची पद्धती

यीजिंगमध्ये ६४ आकृत्या आहेत. प्रत्येक आकृती सहा आडव्या रेषांची असून रेषा अखंड किंवा मधोमध खंडित असते. सोयीसाठी या आकृतीला येथे ‘षड्रेखा’ असे म्हटले आहे. प्रत्येक षड्रेखेला एक नाव व एक संक्षिप्त वचन असून तिच्या प्रत्येक रेषेलाही स्वतंत्र वचन आहे. अशा रेषावचनांची एकूण संख्या ३८४ होते.

परंपरागत पद्धतीत यारो या रानवनस्पतीच्या ५० वाळलेल्या काड्या घेतल्या जातात. त्यांतील एक बाजूला ठेवून उरलेल्या ४९ काड्या दोन भागांत विभागतात व चार-चारच्या गटांनी मोजतात. तीन वेळा मोजल्यावर एक रेषा निश्चित होते. म्हणजे सहा रेषांसाठी ही क्रिया १८ वेळा करावी लागते. प्रत्येक रेषेसाठी ६, ७, ८ किंवा ९ यांपैकी एक अंक मिळतो. ६ व ९ या अंकांच्या रेषा ‘बदलत्या’ मानल्या जातात. त्या उलटल्या की पहिल्या षड्रेखेतून दुसरी तयार होते. म्हणूनच जुन्या नोंदींत ‘अमुक षड्रेखा अमुक षड्रेखेकडे जाताना’ अशी भाषा आढळते. पुढील काळात तीन नाणी फेकून कौल घेण्याची सोपी रीत रूढ झाली.

काड्यांच्या पद्धतीला बराच वेळ लागतो, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. प्रश्न मनात धरून शांतपणे काड्या मोजत बसणे हा विधीचाच भाग होता. सोंग काळातील विचारवंत झू शी (११३०–१२००) याने या विधीची जी मांडणी केली, तीत विचारणाऱ्याने आपले अधिकारपद व नाव सांगून, अमुक गोष्ट करावी किंवा नाही हे आपल्याला कळत नाही, असे निवेदन करावयाचे असते. अधिकारपदाचा उच्चार विधीतच असणे ही गोष्ट सूचक आहे. कौल विचारणारा माणूस बहुधा पदाधिकारी असेल, हे तेथे गृहीत धरलेले दिसते.

बी वानचा कौल

राजसेवेविषयीच्या कौलाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ‘झुओझुआन’ या इतिहासग्रंथात इ.स.पूर्व ६६१ च्या नोंदीत येते. बी वान हा एका लयाला गेलेल्या सरदार घराण्याचा वंशज होता. जिन राज्यात सेवा पत्करावी काय, असा प्रश्न त्याने पूर्वी काड्यांना विचारला होता. उत्तरादाखल ‘झुन’ ही षड्रेखा ‘बी’ या षड्रेखेकडे जाताना मिळाली. झुन ही आरंभीच्या अडचणींची, तर बी ही एकत्र येण्याची आकृती आहे. शिन लिआओ याने हा कौल शुभ ठरवला व बी वानचे वंशज पुढे अधिपती होतील असे सांगितले. बी वान जिनच्या सेवेत दाखल झाला. इ.स.पूर्व ६६१ मध्ये जिनच्या अधिपतीने जिंकलेला वेई हा प्रदेश त्याला बहाल केला. त्याच्या वंशजांनी पुढे जिनचे विभाजन करून वेई हे स्वतंत्र राज्य स्थापन केले आणि इ.स.पूर्व ४०३ मध्ये झोउ राजाने त्याला मान्यता दिली.

या कथेकडे इतिहासाच्या अभ्यासकाने सावधपणे पाहिले पाहिजे. झुओझुआनचे संकलन सामान्यतः इ.स.पूर्व चौथ्या शतकातील मानले जाते. त्या वेळी वेई हे एक बलाढ्य राज्य होते. म्हणजेच भाकीत लिहिले गेले तेव्हा ते खरे ठरलेले होते. राजघराण्याच्या उदयाला दैवी संमती होती हे दाखविण्यासाठी अशी कथा उपयोगी पडली असणे संभवते. तरीही सेवेत शिरण्यापूर्वी कौल घ्यावा ही प्रथा त्या समाजाला स्वाभाविक वाटत होती, एवढे या कथेवरून निश्चित म्हणता येते.

शाओ तुओच्या बांबूच्या पट्ट्या

झुओझुआनच्या कथा नंतरच्या काळात रचलेल्या असू शकतात. पुरातत्त्वीय पुरावा मात्र प्रत्यक्ष विचारलेल्या प्रश्नांपर्यंत नेतो. १९८७ मध्ये हुबेई प्रांतातील जिंगमेन येथील बाओशान या ठिकाणी चू राज्यातील शाओ तुओ या उच्च अधिकाऱ्याची कबर उत्खननात उघडकीस आली. त्याचे दफन इ.स.पूर्व ३१६ मध्ये झाले. कबरीत लेखन असलेल्या बांबूच्या पट्ट्या सापडल्या व त्यांत त्याच्यासाठी घेतलेल्या कौलांच्या नोंदीही होत्या. या नोंदी त्याच्या आयुष्याच्या अखेरच्या सुमारे तीन वर्षांतील आहेत.

या नोंदींतील प्रश्न ठरावीक शब्दांत येतो. येत्या वर्षभरात राजाची सेवा करीत असताना शाओ तुओला काही अपाय तर होणार नाही ना, असा त्याचा आशय आहे. उत्तरे कासवाच्या कवचावरून तसेच काड्यांवरून मिळवलेली आहेत. काड्यांच्या कौलांत षड्रेखा अंकांच्या रूपात जोडीने लिहिलेल्या आढळतात. मात्र त्या नोंदींत झोउयीची वचने उद्धृत केलेली नाहीत. काड्यांच्या कौलाची परंपरा त्या एकाच ग्रंथापुरती मर्यादित नव्हती, हे यावरून स्पष्ट होते.

एका उत्तराचा आशय असा आहे की, दीर्घकाळाचा विचार करता कौल शुभ आहे, परंतु शरीराला थोडी चिंता आहे आणि पदप्राप्तीला विलंब लागेल. त्यानंतर अडथळा दूर करण्यासाठी कोणत्या पूर्वजांना व देवतांना कोणता बळी द्यावा याची शिफारस येते. अखेरच्या वर्षीच्या नोंदींत राजसेवेऐवजी आजाराचे प्रश्न येऊ लागतात व त्यानंतर नोंदी थांबतात. पदोन्नतीची वाट पाहणारा एक अधिकारी कौलांवर कौल घेत असतानाच मृत्यू पावला, हे चित्र तेवीसशे वर्षांनंतरही त्या पट्ट्यांतून स्पष्ट उभे राहते.

येथे एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. शाओ तुओच्या नोंदींत पदाची इच्छा योग्य की अयोग्य, हा प्रश्न उपस्थितच होत नाही. पद हवे आहे हे गृहीत आहे. विलंब का होतो आणि तो कसा टाळावा, एवढीच चौकशी आहे.

प्रश्नालाच घातलेली मर्यादा

याच्या अगदी विरुद्ध भूमिका झुओझुआनच्याच इ.स.पूर्व ५३० च्या प्रसंगात आढळते. लू राज्यात जी घराण्याच्या एका तटबंद नगराचा कारभारी नान कुआय हा आपल्या धन्याने योग्य मान दिला नाही म्हणून असंतुष्ट होता. त्याने बंडाचा बेत केला व कौल घेतला. ‘कुन’ या षड्रेखेची पाचवी रेषा आली. तिच्या वचनात पिवळ्या अधोवस्त्राची प्रतिमा असून निर्णय परम शुभ आहे. नान कुआयला अत्यानंद झाला. आपला बेत न सांगता त्याने तो कौल झिफू हुइबो यास दाखवला. हुइबोने सांगितले की, निष्ठा व सचोटीचे कार्य असेल तरच हे वचन लागू पडेल, एरवी अपयश निश्चित आहे. पिवळा हा मध्याचा रंग आणि अधोवस्त्र हे खालच्या स्थानाचे भूषण, तेव्हा अंतःकरणात निष्ठा नसलेल्याला ते शोभत नाही. शिवाय घातकी कृत्यांसाठी या ग्रंथाचा कौल घेताच येत नाही, असेही त्याने बजावले. नान कुआयने ऐकले नाही. बंड फसले आणि त्याला ची राज्यात पळून जावे लागले.

या प्रसंगात वचन शुभ असूनही फळ अशुभ आले. कारण कौलाचा अर्थ आता विचारणाऱ्याच्या चारित्र्यावर अवलंबून ठरवला जात होता. महत्त्वाकांक्षेला केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देणारे साधन, हे स्वरूप मागे पडून महत्त्वाकांक्षेची परीक्षा घेणारे साधन, असे स्वरूप यीजिंगला येऊ लागले.

१९७३ मध्ये मावांगदुई येथील कबरीत सापडलेल्या रेशमी हस्तलिखितांतही हा विचार दिसतो. ही कबर इ.स.पूर्व १६८ मधील आहे. तेथील एका मजकुरात कन्फ्यूशियसचा शिष्य झिगोंग गुरूला विचारतो की, आपणही या कौलावर विश्वास ठेवता काय? आपल्या शंभर कौलांपैकी सत्तर बरोबर येतात, असे गुरू सांगतो. परंतु आपण त्यात सद्‌गुणाचा शोध घेतो, त्यामुळे आपली वाट कौल सांगणाऱ्यांपेक्षा वेगळी आहे, असेही तो स्पष्ट करतो. हा संवाद ऐतिहासिक असेलच असे नाही. मात्र राजाश्रयासाठी राज्याराज्यांतून फिरलेल्या आणि मनाजोगते पद न लाभलेल्या कन्फ्यूशियसच्या तोंडी तो घातला जावा, हे अर्थपूर्ण आहे. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातील शुनझी हा त्याही पुढे गेला. या ग्रंथात जो खरा निपुण, तो कौल घेतच नाही, असे त्याचे मत होते.

बाजारपेठेतील कौल

विचारवंतांनी प्रश्न बदलला म्हणून समाजाने तो बदलला असे मात्र झाले नाही. हान काळातील छंगदू नगरात यान जुनपिंग हा कौल सांगून उपजीविका करी. दिवसाला शंभर नाणी मिळाली की तो दुकान बंद करून लाओझीचे अध्यापन करीत असे. मुलाला पितृभक्तीचा, तर सेवकाला निष्ठेचा उपदेश तो कौलाच्या निमित्ताने करी. त्याने स्वतः राजसेवा कधीही पत्करली नाही. इतरांच्या नशिबाविषयी बोलणारा हा माणूस पदाच्या मोहापासून दूर राहिला, म्हणूनच इतिहासकारांनी त्याची आदराने नोंद घेतली.

सोंग काळात नागरी सेवा परीक्षांचा विस्तार झाला आणि भविष्यकथनाच्या व्यवसायाला मोठे गिऱ्हाईक मिळाले. परीक्षेला बसणारे अनेक, उत्तीर्ण होणारे थोडे, आणि उत्तीर्णांतही चांगले पद मिळणारे त्याहून थोडे, अशी स्थिती होती. राजधानी काइफेंगमध्ये भविष्य सांगणाऱ्यांची संख्या दहा हजारांच्या घरात असल्याचे वांग आनशी (१०२१–१०८६) याने एका लेखात उपरोधाने नमूद केले आहे. हा आकडा शब्दशः घेण्याची आवश्यकता नाही. पण मागणी कोठून येत होती, हे त्यावरून कळते. या बाजारात शाओ तुओचाच प्रश्न विचारला जात होता, फक्त विचारणारे अधिक होते.

झू शीचा कौल : इ.स. ११९५

या दोन्ही प्रवाहांच्या पार्श्वभूमीवर झू शीचे उदाहरण पाहावे लागते. झू शी ११४८ मध्ये राजधानीतील सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झाला. पण पुढील सुमारे पन्नास वर्षांत त्याने प्रांतांतील पदांवर अवघी नऊ वर्षे व दरबारात सुमारे चाळीस दिवस एवढीच प्रत्यक्ष सेवा केली. पद स्वीकारावे की नाकारावे, हा त्याच्यापुढे आयुष्यभर उभा राहिलेला प्रश्न होता. यीजिंगविषयी त्याचे मत समकालीन विद्वानांहून वेगळे होते. हा ग्रंथ मुळात कौलासाठीच रचला गेला, नंतरचे तत्त्वज्ञान त्यावर उभे राहिले, असे तो आग्रहाने मांडी. ११८६ मध्ये त्याने या विषयावर एक प्रवेशग्रंथही सिद्ध केला. त्याचा शिष्य व सहकारी त्साइ युआनदिंग याचा त्या कामी मोठा वाटा होता.

११९४ मध्ये नव्या सम्राटाचा अध्यापक म्हणून झू शीला दरबारात बोलावण्यात आले. परंतु हान तुओझोउ या सत्ताधीशाच्या वाढत्या प्रभावावर त्याने टीका केली व अल्पावधीतच त्याची गच्छंती झाली. ११९५ मध्ये त्याचा पाठीराखा मुख्य मंत्री झाओ रूयू यालाही पदच्युत करून हद्दपार करण्यात आले. संतप्त झालेल्या झू शीने सम्राटाला पाठविण्यासाठी एक दीर्घ निवेदन लिहिले. त्यात सत्ताधीशांवर कठोर आरोप होते. शिष्यांनी एकामागून एक येऊन ते न पाठविण्याची विनंती केली, कारण ते पाठविले असते तर सर्वांवरच संकट ओढवले असते. झू शी ऐकेना. अखेर त्साइ युआनदिंगने सुचविले की, निर्णय काड्यांवर सोपवावा.

कौलात ‘दुन’ ही षड्रेखा आली. दुन म्हणजे माघार. या आकृतीत खालच्या दोन खंडित रेषा वर चढत आहेत आणि वरच्या चार अखंड रेषा मागे हटत आहेत. क्षुद्रांचा जोर वाढत असताना सज्जनाने वेळीच दूर व्हावे, असा तिचा परंपरेने मानलेला अर्थ आहे. झू शी काही न बोलता मागे फिरला. त्याने मसुदा जाळून टाकला आणि ‘माघार घेतलेला वृद्ध’ या अर्थाचे ‘दुनवंग’ हे नाव स्वतःसाठी घेतले.

या प्रसंगाचा अर्थ कसा लावावा? गणिताच्या दृष्टीने काड्यांच्या पद्धतीत ही आकृती येण्याची शक्यता ६४ मध्ये एक एवढीच होती. पण झू शीच्या दृष्टीने कौल हा योगायोग नव्हता. जो ग्रंथ कौलासाठी आहे असे त्याने आयुष्यभर शिकवले, त्याचा कौल प्रतिकूल आला म्हणून नाकारणे त्याला शक्य नव्हते. दुसरीकडे, शिष्यांच्या भीतीपुढे नमणे आणि ग्रंथाच्या आज्ञेपुढे नमणे यांत फार मोठे अंतर आहे. कौलामुळे त्याला स्वाभिमान न गमावता थांबता आले, असे अनुमान करता येईल.

माघार घेऊनही संकट टळले नाही. ११९६ मध्ये झू शीच्या संप्रदायाला ‘खोटी विद्या’ ठरविण्यात आले व त्याची उरलीसुरली पदे काढून घेण्यात आली. त्साइ युआनदिंगला हूनानमधील दाओझोउ येथे हद्दपार केले गेले आणि ११९८ मध्ये तेथेच त्याचा मृत्यू झाला. परीक्षेला बसणाऱ्यांना आपण या ‘खोट्या विद्येचे’ अनुयायी नाही, असे लिहून द्यावे लागे. म्हणजे गुरूचे नाव सांगणे हेच भवितव्य गमावण्यासारखे झाले. काही शिष्यांनी पाठ फिरवली, काही अखेरपर्यंत राहिले. कौलाने गुरूला निवेदन पाठविण्यापासून वाचवले, पण शिष्यांपुढे तोच प्रश्न अधिक तीव्र स्वरूपात उभा केला. त्यांच्यासाठी निर्णय घ्यायला काड्या नव्हत्या.

१२०० मध्ये झू शी मरण पावला. १२०२ मध्ये बंदी शिथिल झाली व १२०७ मध्ये हान तुओझोउ मारला गेला. १३१३ मध्ये युआन सम्राटाने परीक्षांची पुनर्स्थापना करताना झू शीच्या भाष्यांना प्रमाण मानले. त्यानंतर १९०५ मध्ये परीक्षापद्धती रद्द होईपर्यंत पदाकांक्षी तरुणांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्याचे ग्रंथ पाठ करीत राहिल्या. माघारीचा कौल स्वीकारणाऱ्याचे लेखन हेच राजसेवेत प्रवेश करण्याचे साधन बनले.

मागे उरलेला शब्द

बी वानच्या कथेतून चिनी भाषेला ‘शिशी’ हा शब्द मिळाला. ‘सेवेविषयी काड्यांचा कौल घेणे’ हा त्याचा मूळ अर्थ आहे. कालांतराने प्रत्यक्ष कौल न घेताही ‘प्रथमच सरकारी पदावर रुजू होणे’ या अर्थाने तो वापरला जाऊ लागला. सतराव्या शतकाच्या अखेरीस हुआंग लिउहोंग याने जिल्हाधिकाऱ्यांसाठी लिहिलेल्या प्रसिद्ध मार्गदर्शक ग्रंथाच्या पहिल्याच विभागाचे नाव ‘शिशी’ असे आहे. त्यात नियुक्तीची प्रक्रिया व तयारी यांविषयी व्यावहारिक सूचना आहेत.

याला एक ऐतिहासिक विरोधाभास जोडलेला आहे. १५९४ मध्ये मिंग राजवटीतील नियुक्ती मंत्री सुन पियांग याने वशिलेबाजीला आळा घालण्यासाठी पदांचे वाटप चिठ्ठ्या काढून करण्याची पद्धत सुरू केली. छिंग काळातही ती चालू राहिली. कौलाचा शब्द अशा रीतीने प्रशासनाचा शब्द झाला, आणि कोणत्या जिल्ह्यात कोण जाणार हे प्रशासनच चिठ्ठी काढून ठरवू लागले. फरक एवढाच की, चिठ्ठीला कोणी प्रश्न विचारीत नव्हते आणि तिच्या उत्तरावर विचार करण्याची गरजही कोणाला वाटत नव्हती.

निष्कर्ष

१) राजसेवेविषयीचा प्रश्न हा चिनी कौलपरंपरेतील गौण विषय नसून झुओझुआनच्या कथा व बाओशानच्या पट्ट्या या दोन्ही प्रकारच्या साधनांत तो ठळकपणे येतो.

२) पदप्राप्तीच्या अपेक्षेने विचारलेला प्रश्न कन्फ्यूशियन विचारवंतांच्या हाती औचित्याचा प्रश्न बनला. नान कुआयचा प्रसंग या स्थित्यंतराचा महत्त्वाचा टप्पा होय.

३) हा बदल सार्वत्रिक नव्हता. परीक्षापद्धतीमुळे स्पर्धा वाढली तेव्हा बाजारातील कौलाला अधिकच मागणी आली.

४) झू शीच्या उदाहरणात कौलाने भविष्य सांगितले नाही. त्याने सन्मानाने थांबण्याची वाट दाखवली. मात्र संस्थेने व सत्तेने लादलेल्या परिणामांपासून तो कौल कोणाचेही रक्षण करू शकला नाही.

आजही जगभर अनेक लोक नोकरी बदलावी काय, बढती मिळेल काय, यांसारखे प्रश्न घेऊन यीजिंगकडे वळतात. त्यांचा प्रश्न शाओ तुओच्या प्रश्नाहून फारसा वेगळा नाही. परंपरेचा इतिहास पाहता या ग्रंथाने आपल्या सर्वोत्तम वाचकांना पदाविषयीची खात्री दिलेली नाही. पद हवे असण्याचे कारण काय, हे मात्र त्याने त्यांना स्वतःलाच विचारायला लावले. झू शीच्या जाळलेल्या मसुद्याचे महत्त्व यातच आहे.